नऊशे एकची होडी

रत्नागिरी
७ जून २००४

चिंतूदादा,

नमस्कार. एरवी साष्टांग घातला असता, आज फार रागावलेली आहे, तेव्हा उभ्या उभ्याच घे. राग तुझ्यावर नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि ई-मेलवर मला भांडता येत नाही, म्हणून पोस्टाने लिहिते.

शेवरवाडीच्या खाडीत एक कंपनी माल उतरवायचा धक्का बांधते आहे. बांधू देत की, बंदराशी माझं वैर नाही. पण तिचा अहवाल तालुक्याला ठेवलाय, तो मी उभ्याने वाचून आले. पान बेचाळीस : 'या खाडीत मासेमारी होत नाही. आधार : मच्छीमार संघाची आकडेवारी, १९८४ ते १९८९.'

आपल्या संघाची! ज्या खोलीत तू आणि मी सहा वर्षं त्या मिनीकॉम्प्युटरच्या गरम वाऱ्यात बसून काढली, तिथली. त्या नोंदी मी माझ्या हातांनी भरल्यात. शेवरवाडीची पानं भरताना बोटं दुखायची माझी. आणि हे म्हणतात, शून्य.

ते यंत्र ब्याण्णवला भंगारात गेलं, वजनावर. पण टेपा तू पुण्याला नेल्या होत्यास, आठवतं? तुझ्या कॉलेजात जुनी यंत्रं जिवंत ठेवायचा नाद आहे, असं कुसुमवहिनी दरवेळी कपाळाला हात लावून सांगते. त्या टेपा वाचता येतील का? जाहीर सुनावणी ७ ऑक्टोबरला आहे. चार महिने. मला तोंडी बोलायचं नाहीये, दादा. बोलून मी सभा जिंकते आणि ठराव हरते, हे आता पुरे झालं. मला कागद हवा.

तुझी,
दमयंती


पुणे
१९ जून २००४

चि. दमयंतीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कुसुमने मोठ्याने वाचून दाखवलं, त्यामुळे शेजाऱ्यांनाही कळलं. टेपा आहेत. त्यांतला मजकूर मी तीन वर्षांपूर्वीच उतरवून ठेवला. एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम असतो. तो साध्या पीसीच्या पोटात त्या जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग वठवतो. जुन्या सिस्टिमला शेवटपर्यंत कळत नाही की आपण कपाटाएवढ्या यंत्रात नसून टेबलावरच्या डब्यात आहोत. सीडी पाठवतो आहे.

पण एक अडचण आहे. संघाची यंत्रं दोन होती. नोंदी रत्नागिरीच्या यंत्रात आणि अहवाल छापणारा प्रोग्रॅम दाभोळच्या. दाभोळचं यंत्र तारेवरून रत्नागिरीच्या नोंदी मागवायचं. म्हणजे तुला दोन पीसी लागतील, दोन्हींवर एकेक सोंग, आणि मध्ये ते वीस वर्षांपूर्वीचं नेटवर्कचं सॉफ्टवेअर पुन्हा उभं करावं लागेल. दाभोळची टेप खराब निघाली. तिच्यावरचा अहवालाचा प्रोग्रॅम तेवढा वाचला. म्हणून दाभोळची डिस्क मी रत्नागिरीच्या डिस्कची नक्कल करून उभी केली आहे. नोंदींचं खातं तुझ्या नावाचं होतं, पासवर्डही तुलाच ठाऊक. त्यामुळे मला इथे काही करता येत नाही.

मानलेला मोठा भाऊ म्हणून एक सांगतो. ते जुनं नेटवर्क फार हट्टी आहे. नाहीच जुळलं तर जिवाला लावून घेऊ नकोस. वीस वर्षांपूर्वीच्या आकड्यांनी आजचा धक्का अडत नसतो.

कुसुमचा गुडघा सुजला आहे, नाहीतर आलो असतो.

तुझा,
चिंतामणी


रत्नागिरी
११ जुलै २००४

चिंतूदादा,

सीडी पोचली. नीरजा, माझी भाची, टायपिंगचा क्लास बंद करून कॉम्प्युटरचा चालवते, ती माहीत आहे ना तुला? तिच्याकडचे दोन पीसी मी दुपारच्या रिकाम्या वेळात बळकावलेत. विद्यार्थी म्हणतात, मावशींचा पीसी बिघडलाय, काळ्या पडद्यावर नुसतीच अक्षरं येतात.

दादा, ती अक्षरं! सिस्टिम उठली, तारीख विचारली, नाव विचारलं. मी नाव टाकलं. पासवर्ड आठवतोय का याचा विचारसुद्धा केला नाही, बोटांनीच टाकला. आणि ती म्हणाली, तुमचा यापूर्वीचा प्रवेश : मार्च १९९०. मी चौदा वर्षांनी दार उघडून आत गेले आणि कोणी विचारलंसुद्धा नाही की होतीस कुठे. नीरजा म्हणाली, "मावशी, रडतेस कशाला? इथे माऊससुद्धा नाही."

पण नेटवर्क उभं राहत नाही. दोन्हीकडे सुरू होतं. दोन्हीकडे 'चालू' असं येतं. मग दाभोळवरून रत्नागिरीच्या नोंदी मागवल्या की उत्तर नाही. रत्नागिरीवरून दाभोळला हाक मारली, तर म्हणते असं यंत्र मला ठाऊक नाही. तार बदलली. नेटवर्कचं कार्ड बदललं. नीरजाने तिचा खेळ त्याच तारेवरून दोन पीसींत चालवून दाखवला, तो चालतो! म्हणजे तार शहाणी, आमचं सॉफ्टवेअर वेडं.

तू हे हजारदा केलंयस. काय राहतंय ते सांग. आणि 'जिवाला लावून घेऊ नकोस' हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. जिवाला लावायचं नाही तर कशाला लावायचं? शेवरवाडीत आजही ओहोटीला चाळीस बाया शिंपल्या काढायला चिखलात उतरतात. धक्का झाला की तो चिखल उपसला जाईल. मग त्या कालवं कुठे काढणार, कंपनीच्या गेटवर?

दमयंती


पुणे
३० जुलै २००४

चि. दमयंतीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. हे सॉफ्टवेअर असंच आहे. कधी परवान्याचा आकडा मागतं, कधी कार्ड ओळखत नाही. मी स्वतः कधी दोन सोंगं एकमेकांशी बोलवून पाहिलेली नाहीत. खरं सांगायचं तर ते होईल असं मला वाटत नाही. तुझं वय अठ्ठावन्न आहे. दुपारची झोप घालवून कशाला?

दुसरी एक गोष्ट, नंतर घोटाळा नको म्हणून आत्ताच सांगतो. नोंदींत कुठे नऊशेच्या वरचे होडी क्रमांक दिसले तर दुर्लक्ष कर. त्या चाचणीसाठी भरलेल्या खोट्या नोंदी आहेत. जुन्या सिस्टिममध्ये असा कचरा राहतोच.

कुसुम म्हणते, "तिला ओळखत नाही का तुम्ही? यंत्र बोललं नाही तर ती यंत्राशी भांडेल." मी म्हटलं, तेही खरं.

तुझा,
चिंतामणी


रत्नागिरी
२२ ऑगस्ट २००४

चिंतामणी,

दादा आज लिहीत नाही. का, ते पत्राच्या शेवटी कळेल. कदाचित तुला आत्ताच कळलं असेल.

नेटवर्क जुळलं. तुझ्या मदतीशिवाय. मी दोन्ही यंत्रांना एकेक साधा प्रश्न विचारला : तुझं नाव काय, तुझा नंबर काय? पहिलं म्हणालं, रत्नागिरी, एक. दुसरं म्हणालं, रत्नागिरी, एक. नीरजा हसून म्हणाली, "मावशी, दोघीही एकाच नावाने हजेरी देतायत. बाई कोणाची लावणार?" नकलेची डिस्क ना ती. ते सॉफ्टवेअर सुरू होताना आपल्या नंबरावरून कार्डाचा पत्ताच बदलून टाकतं. नंबर एक, म्हणून पत्ताही एक. दोघंही एकाच दारावर उभे राहून एकमेकांना शोधत होते. मी दुसऱ्याला नाव दिलं दाभोळ, नंबर दोन. पहिल्याच्या यादीत दाभोळ लिहिलं, दुसऱ्याच्या यादीत रत्नागिरी. पुन्हा सुरू केलं. अर्ध्या मिनिटात दाभोळने हाक मारली आणि रत्नागिरीने ओ दिली.

डिस्क नक्कल आहे हे तूच लिहिलं होतंस. नकलेचा नंबर बदलावा लागतो हे तुला माहीत नसेल? तुला? ज्याने संघात ही दोन यंत्रं जोडली त्याला?

असो. मी अहवाल छापला. शेवरवाडी : शून्य. मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले, परत बसले. मग अहवाल बाजूला ठेवून कच्च्या नोंदीच वाचायला घेतल्या. शेवरवाडी, होडी क्रमांक ९०१. शेवरवाडी, ९०२. ९०३. अशा एक हजार चारशे बारा नोंदी. आणि अहवालाचा प्रोग्रॅम उघडला तर मधोमध एक ओळ : क्रमांक नऊशेच्या वर असेल तर नोंद सोडून पुढे जा. तिच्यापुढे लिहिणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख. नोव्हेंबर १९८७. आद्याक्षरं तुझी.

चाचणीच्या नोंदी? खोट्या? ऐक, कोण आहेत त्या.

शेवरवाडीच्या बाया चिखलात उतरून तिसऱ्या, मुळे, कालवं काढायच्या आणि संघाच्या काट्यावर आणायच्या. त्यांच्याकडे होडी नव्हती. पण पडद्यावर होडीचा क्रमांक टाकल्याशिवाय पुढच्या रकान्यात जाताच यायचं नाही. मी संघाच्या साहेबांना सांगितलं, रकाना बदला. ते म्हणाले, होडी नाही तर मासेमारी कसली, बायकांचं काय, खाडीत खेळतात. मग मी काय करायचं? पाटीभर माल काट्यावर, बाई समोर ओली उभी, आणि यंत्र म्हणतंय तू नाहीस! मी प्रत्येक बाईला एक क्रमांक दिला. संघाच्या खऱ्या होड्या सहाशेच्या आत होत्या, म्हणून मी नऊशे एकपासून सुरुवात केली. नऊशे एक गोदा. नऊशे दोन सावित्री. नऊशे एकतीसपर्यंत. वही माझ्या ट्रंकेत आहे, प्रत्येकीच्या अंगठ्यासह.

एकतीस बायका तू एका ओळीत पुसल्यास. कंपनीच्या पान बेचाळीसचं शून्य कंपनीने काढलेलं नाही. तू काढलंस. आता सांग, कोणी सांगितलं होतं?

दमयंती


पुणे
९ सप्टेंबर २००४

दमयंती,

पंधरा दिवस लेखणी उचलवली नाही. कुसुमला तुझं पत्र वाचायला दिलं नाही, मीच वाचलं.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात तू राजापूरला होतीस, तुझी मावशी आजारी होती म्हणून. साहेब आले. म्हणाले, नोंदणीपुस्तकात होड्या पाचशे ऐंशी आणि तुमच्या यंत्रात सहाशे अकरा, वरून तपासणी येते आहे, हे जुळवा. मी शोधलं तर सगळ्या जादा होड्या नऊशेच्या वरच्या. मला वाटलं तुझ्या चाचणीच्या नोंदी असतील. शपथेवर सांगतो, तेव्हा खरंच तसं वाटलं. एक ओळ घातली. आकडे जुळले. साहेबांनी पाठ थोपटली.

पण नव्वदच्या सुरुवातीला गोदा संघात आली होती, तू नव्हतीस त्या दिवशी. डोक्यावर पाटी. मला म्हणाली, "काय ओ भाऊ, दमयंतीबाय बोलली माजी होडी हाय तुमच्या यंत्रात. नऊशे एक. कशी दिसते ती, बघू तरी?" मी तिला सांगितलं, आज यंत्र बंद आहे. ते चालू होतं, दमयंती. माझ्या पाठीमागे त्याचा आवाज येत होता. तिला तो ऐकू येत होताच की. ती पाटी सावरून निघून गेली.

तेव्हा कळलं की त्या ओळीत काय आहे. ती काढायला पाच मिनिटं लागली असती. पण सहा वर्षांचे छापील अहवाल वर गेले होते, त्यांवर माझी सही होती. त्याच वर्षी मी पुण्याची नोकरी धरली.

दाभोळचा नंबर बदलायचा हे मला ठाऊक होतं. मुद्दामच लिहिलं नाही.

आता माझं ऐक. ती ओळ काढून नवा अहवाल छाप आणि दे. ती कोणी घातली ते बोलू नकोस, जुन्या प्रोग्रॅममधली चूक म्हण. माझ्यासाठीच मागतो आहे असं समजू नकोस. नऊशे एकचा विषय निघाला तर त्यांचा वकील पहिल्यांदा तुलाच धरेल. नोंदणीत नसलेल्या होड्या यंत्रात भरल्या कोणी? तू. खोटी नोंद करणारी बाई म्हणून तुझंच नाव होईल.

चिंतामणी


रत्नागिरी
१५ सप्टेंबर २००४

दादा,

पुन्हा दादा लिहिते आहे. गोदाचं तू मला लिहिलंस म्हणून. ते लिहिलं नसतंस तर हे पत्रही गेलं नसतं.

पण तुझा सल्ला मी घेणार नाही. 'जुन्या प्रोग्रॅममधली चूक' म्हणे! चुका आभाळातून पडत नाहीत. प्रत्येक चुकीला हात असतो, त्या हाताला माणूस असतो आणि त्या माणसाच्या मागे एक साहेब उभा असतो, पाठ थोपटायला. आपण चुकीचं तोंड झाकलं की साहेबाचंही झाकलं जातं आणि मरतं कोण? जिची पाटी काट्यावर होती ती.

मी खोटी नोंद केली म्हणतील? म्हणू देत. मी उभी राहून सांगणार आहे, होय, केली. होडी खोटी होती. बाई खरी होती. माल खरा होता, ग्रॅमपर्यंत. तुमच्या रकान्यात खऱ्या बाईला जागा नव्हती, म्हणून मी तिला खोट्या होडीत बसवून आत नेलं. अठ्ठावन्न वर्षांत केलेल्या कामांत एवढं एक काम आहे, ज्याची मला कुठेही सही करायला सांगा.

पण माझं एकटीचं पुरणार नाही. मी भरलं, हे मी सांगेन. काढलं कोणी आणि का, हे फक्त तू सांगू शकतोस. ते ऐकल्याशिवाय वकील म्हणेल, बाईंनी परवा बसून नवे आकडे घुसडले. ये. येववत नसेल तर लिहून दे. नाहीच दिलंस, तर मी तुझं नाव घेणार नाही. घेतलं असतं, पण उधारीचं धैर्य मला नको. ते तुझं तू आण.

सुनावणी ७ तारखेला, सकाळी अकरा वाजता.

दमयंती


पुणे
४ ऑक्टोबर २००४

जाहीर सुनावणीच्या अध्यक्षांस,

मी खाली सही करणारा १९८४ ते १९९० या काळात मच्छीमार संघात प्रोग्रॅमर होतो. नोव्हेंबर १९८७ मध्ये मी अहवालाच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. तिच्यामुळे शेवरवाडी खाडीतील एकतीस स्त्रियांच्या सर्व नोंदी अहवालातून वगळल्या गेल्या. या नोंदी खऱ्या आहेत हे मला १९९० मध्ये समजले. तरीही मी ती ओळ काढली नाही. अहवालातील 'शून्य' हा आकडा खाडीचा नसून माझा आहे.

ओळ घालण्याची तोंडी सूचना वरून आली होती. ती पाळण्याचा निर्णय माझा होता.

चिंतामणी

दमयंती, ही दुसरी प्रत तुझ्यासाठी. कुसुमला वाचून दाखवली. तिने पाकीट काढून दिलं. मग म्हणाली, रजिस्टरने पाठवा.


रत्नागिरी
१० ऑक्टोबर २००४

चिंतूदादा,

साष्टांग नमस्कार.

तुझा कागद सहा तारखेला पोचला. सुनावणी तू पाहायला हवी होतीस. नीरजाने दोन्ही पीसी टेम्पोतून नेले, सभागृहात टेबलावर मांडले. अध्यक्ष म्हणाले, हे काय? मी म्हटलं, हे संघाचं यंत्र. आधी संघाच्या अहवालाचा प्रोग्रॅम जसा आहे तसा चालवला. शून्य. कंपनीचे लोक मान डोलवायला लागले. मग कच्च्या नोंदी पडद्यावर सोडल्या. वर जात राहिल्या, जात राहिल्या, संपेचनात.

वकील उठला. "नोंदणीत नऊशे एक क्रमांकाची होडी नाही. ही होडी बाईंनी बनवली." मी म्हटलं, "बनवली. बघायचीय?" आणि वही उघडून हाक मारली, "नऊशे एक!"

गोदा उठली. साठीला आलीय, काठी घेऊन उठली. म्हणाली, "मी."

नऊशे दोन. सावित्री उठली. नऊशे तीन वारली, तिची सून दिशा उठली. नऊशे चार, नऊशे पाच. एकोणीस जणी उभ्या राहिल्या, दादा. सहा वारल्या, त्यांच्या घरची माणसं उभी राहिली. सहा जणींचा पत्ता नाही, त्यांच्या नावापुढे मी थांबले आणि सभागृहही थांबलं. वकील म्हणाला, "पण या होड्या नव्हेत." गोदा त्याला म्हणाली, "न्हाय बाबा, आमी बुडलो नाय म्हणून होड्या नाय दिसत तुला?" लोक हसले. अध्यक्षही हसले असते, पण खुर्चीवर होते.

मग तुझा कागद वाचला. मीच वाचला. 'हा आकडा खाडीचा नसून माझा आहे' इथे मी कागद नीरजाच्या हातात दिला. तीस वर्षं भाषणं करते आहे, पहिल्यांदा दुसऱ्याकडे सोपवलं. नीरजाने पुढचं वाचलं. गोदा शेजारणीला विचारत होती, हा तोच का गो, यंत्र बंद हाय बोललेला? हो म्हटल्यावर म्हणाली, "मग खरा बोलला तर येकदा."

धक्का अडला असं समजू नकोस. अध्यक्षांनी निकाल दिला नाही. त्यांनी लिहून घेतलं ते एवढंच : पान बेचाळीस अग्राह्य, आणि तीस दिवसांत प्रत्येक स्त्रीची नोंद स्वतंत्रपणे, नाव घालून, सादर करावी. कंपनी या तीस दिवसांत काय काय करेल ते मला दिसतं आहे. पैसे वाटेल, फूट पाडेल, दोघींना नोकरीचं आमिष दाखवेल. करू देत. एकतीस कागद तयार झाले की एकतीस जणींना विकत घ्यावं लागेल, आणि गोदा स्वस्त नाही.

काल ती क्लासात आली. म्हणाली, बाय, माजी होडी दाखव. मी तिच्या नोंदी एकेक वाचल्या. चौदा नोव्हेंबर शहाऐंशी, तिसऱ्या, साडेतीन किलो. ती म्हणाली, "तवा सर्वेश पोटात व्हता. वाकता येत नव्हतं." पुढची वाचली. तिने पुढचं सांगितलं. अशा बेचाळीस नोंदी झाल्या आणि नीरजाचे विद्यार्थी बाहेर चपला काढून थांबले.

बाकीच्या जणी रविवारपासून येणार आहेत.

पण तुझ्या त्या प्रोग्रॅमला एकेका बाईचं नाव घालून वेगळा कागद छापता येत नाही. तशी सोयच तेव्हा कोणाला सुचली नाही. नवा लिहावा लागेल, त्या जुन्या भाषेत. मला ती वाचता येते, लिहिता येत नाही. इथे ती लिहू शकेल असा माणूस नाही. तुझी ओळ मी खोडलेली नाही. ती तिथेच आहे, तुझ्या आद्याक्षरांसह.

वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला घेऊन ये. पुण्याहून येणारी एस. टी. हातखंब्याला थांबते, नीरजा घ्यायला येईल. दाभोळच्या यंत्रावर तुझ्या नावाचं खातं मी काल उघडलं आहे. पासवर्ड तू येऊन ठेव.

तुझी,
दमयंती